कोमट खळग्यातली मिस झेल्मा

बेलीझ सिटी
२० फेब्रुवारी २००६

प्रिय टिल्डा,

काल चर्चच्या पायऱ्यांवर मिसेस हल्सनं मला सांगितलं की मलेट पॉइंटच्या लगूनमध्ये माझ्या नावाची एक मॅनटी, म्हणजे समुद्रगाय, आहे आणि मी वारले आहे. हे पत्र लिहिण्याचं कारण एवढंच.

मिसेस हल्स गेल्या आठवड्यात महिला मंडळाच्या सहलीबरोबर तुमच्या गावी येऊन गेली. होडीत बसून तिनं समुद्रगायी बघितल्या, उन्हानं नाक सोलवटून घेतलं, आणि परत आल्यापासून मी परवानगीशिवाय चालते-फिरते आहे अशा नजरेनं ती माझ्याकडे बघते. ती सांगते की लगूनच्या तळातल्या कोमट खळग्यात जी सगळ्यांत मोठी मादी येते तिचं नाव ‘मिस झेल्मा’. होडीत कोणी बोललं की ती वर येऊन जोरात फुसकारते आणि परत खाली जाते. होडीवाला म्हणाला की पूर्वी गावात ह्या नावाच्या शिक्षिका होत्या, त्याही असंच करायच्या. ‘दिवंगत’ हा शब्द त्यानंच वापरला. सगळ्या बायकांनी माना खाली घातल्या म्हणून मिसेस हल्सनंही घातली. मग तिच्या लक्षात आलं की आदल्या रविवारी मी तिच्या शेजारी उभी राहून वरच्या पट्टीत गात होते.

‘दिवंगत’बद्दल मी काही म्हणत नाही. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाणी आणायला होडीवाले काहीही सांगतात. माझा आक्षेप नावाला आहे. मलेट पॉइंटच्या शाळेत मी अकरा वर्षं काढली. त्या अकरा वर्षांत मी लठ्ठ नव्हते, आजही नाही. मी कोणावर फुसकारलेही नाही. मी नापसंती व्यक्त करत असे.

मला तीन उत्तरं हवीत. नाव कोणी दिलं, त्याला मंजुरी कोणी दिली, आणि ते मागे कधी घेतलं जाईल. तू स्वतः खळग्यावर होडी नेतेस, तेव्हा ‘मला काय माहीत’ हे उत्तर धरलं जाणार नाही. फोन करत नाही, कारण तुझा मोबाईल तू अख्ख्या ओसरीला ऐकू जाईल असा लावतेस. कागदावरचं कोणाला नंतर नाकारता येत नाही.

तुझी चुलत बहीण,
झेल्मा

ता.क. गाव सोडताना तुझ्याकडे ठेवलेल्या माझ्या पेटीत एक काळी छत्री होती. ती एग्बर्टच्या बसबरोबर पाठव. इथे ऊन फार आहे.


मलेट पॉइंट
२७ फेब्रुवारी

माझी लाडकी झेल्मा,

तुझं पत्र एग्बर्टनं गुरुवारीच आणलं होतं, पण मी पाण्यावर होते. म्हणून मिस पेट्रोनानं ते दुकानाच्या काचेशी, पावडर बनच्या बरणीला टेकवून ठेवलं. मला शनिवारी मिळालं. तोवर टिल्डाला शहरातून कोण लिहितंय हे अर्ध्या गावानं विचारून घेतलं होतं. मी सांगितलं, विमा कंपनी.

गुडघा कसा आहे? इथे काजूला मोहोर असा आलाय की नुसत्या वासानं झिंग यावी. पास्टरच्या बकरीनं परवा पास्टरचाच झगा खाल्ला, आणि रविवारी ते बायकोच्या गाउनवर उभे राहिले. गाउनला खिसे नव्हते, त्यामुळे प्रवचन करताना हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. मिस पेट्रोना हसू दाबायला गेली आणि तिला उचकी लागली. ती उचकी तीन भजनं चालली. बकरी मात्र मजेत आहे.

आता ते मॅनटीचं. अगं, हा केवढा मान आहे, तू रागावतेस कसली? पेट्रोनाच्या आईच्या वाट्याला शेपटीला खाच पडलेली आली. डीकन ट्रॅपना कायम आजारी दिसणारी मिळाली. मिस्टर ऑल्स्टनच्या भावाला असा नर मिळाला की जी दिसेल तिच्या मागे जातो, आणि गाव म्हणतं की नाव बरोबर बसलं. तुला मात्र सगळ्यांत मोठी, सगळ्यांत देखणी. तुझ्या नावाच्या पहाटे पहिली तीच वर आली, त्याला मी काय करू?

तुझे तीन प्रश्न. नाव गावानं दिलं. मंजुरीही गावानंच. मागे घ्यायचं तर गावाला विचारावं लागेल, आणि आता उपवासाचे दिवस सुरू होतायत. अशा वेळी लोक रिकाम्या पोटी चिडतात. ईस्टर होऊ दे.

छत्रीचं बघते. कसावाचं पुडिंग पाठवलंय, डबा परत कर. कधीतरी ये ना राहायला, मला किती बरं वाटेल.

तुझीच,
टिल्डा


बेलीझ सिटी
३ मार्च

टिल्डा,

पुडिंग मिळालं. जायफळ जास्त झालं आहे. डबा परत पाठवते आहे, छत्री आली नाही.

तू पत्रात तीन नावं लिहिली आहेस: पेट्रोनाची आई, डीकन ट्रॅप आणि मिस्टर ऑल्स्टनचा भाऊ. तिघांनाही मी ओळखत होते आणि तिघंही वारली आहेत. ह्या मंडळीत श्वास घेणारी मी एकटीच. तेव्हा ‘दिवंगत’ हा शब्द त्या होडीवाल्याच्या पदरचा नव्हता असं मला आता दिसतं आहे.

वर्गात खडू कोणी फेकला असं विचारलं की जी मुलगी आधी हवामानाबद्दल बोलायची तिनंच तो फेकलेला असायचा. तू मला बकरीबद्दल लिहिलं आहेस, आणि बरंच लिहिलं आहेस.

टिल्डा, मला कोणी मारलं?

झेल्मा


मलेट पॉइंट
१३ मार्च

झेल्मा,

मी मारलं. नोव्हेंबरमध्ये. आता सगळं सांगते, पण उभ्यानं वाचू नकोस.

तू इथे होतीस तेव्हा ही पद्धत नव्हती. तेव्हा आपण मॅनटीला नाव देत नव्हतो, मसाला देत होतो. मग शिकारबंदीचा कायदा आला, मग पाहुणे यायला लागले, आणि ज्याच्याकडे फळकुट होतं तो प्रत्येकजण इंजिन फटफटवत खळग्यावर पोचायला लागला. एका वर्षी तर एकही मॅनटी फिरकली नाही. दोघी-तिघी तिवरात मरून पडल्या, पाठीवर इंजिनाच्या पंख्याचे घाव. तेव्हा मिस्टर ऑल्स्टननी सगळ्या होडीवाल्यांना बसवलं आणि नियम घातला. ज्या घरातलं माणूस गेलं असेल त्या घरानं नववी रात्र झाली की पहाटे खळग्यावर जायचं, पाण्यात थोडी काजूची वाइन ओतायची, आणि जी मॅनटी पहिली वर येईल तिला आपल्या माणसाचं नाव द्यायचं. ज्या घराचं नाव पाण्यात आहे त्याच घराची होडी खळग्यावर उभी राहील. मिस्टर ऑल्स्टन म्हणाले, “स्वतःच्या आईच्या डोक्यावरून कोणी इंजिन नेत नाही.” आणि झेल्मा, खरंच तेव्हापासून कोणी नेलेलं नाही.

आता माझं बघ. मी ह्या गावची सून. माझे आईवडील तुझ्या शहराच्या दफनभूमीत, आणि नियम असा की माणूस निदान सात वर्षं इथे राहून-जेवून गेलेलं हवं. राहता राहिला रूपर्ट. तो मला सोडून शिकागोला गेला आणि मरायचं नाव घेत नाही. दर नाताळात मिस्टर ऑल्स्टनना फोन करून तिथे बर्फ किती पडलाय ते सांगतो, त्यामुळे त्याला मारताही येत नाही. खळग्यावर हक्क नाही म्हणून मी पाहुण्यांना पक्षी दाखवत होते. पक्षी बघायला कोण येतं? पक्षी त्यांच्याकडेही असतात. होडी विकायची वेळ आली होती. सगळ्या नात्यागोत्यात इथे सात वर्षं राहिलेलं माणूस एकच होतं.

तू झोपेत गेलीस, शांतपणे. आजार नको म्हटलं, तुला आजार आवडत नाहीत.

नववी रात्र थाटात केली. नारळाच्या दुधातला भात आणि घेवडा दोन मोठी पातेली. लोक काय रडले, काय रडले. तुझी छडी खाल्लेले बाप्ये सगळ्यांत जास्त. मिस्टर ऑल्स्टन कुंपणाबाहेर उभे राहिले, आत आलेच नाहीत. गेलेल्या माणसाच्या वस्तू वाटायच्या असतात म्हणून तुझी पेटी उघडावी लागली. छत्री पेट्रोनाला गेली. गवती टोपी एग्बर्टला आणि घंटा शाळेला. चिंचेची छडी मिस्टर ऑल्स्टननी मागून घेतली.

आता एकच मागते. इथे येऊ नकोस. तू जिवंत आहेस हे कळलं तर माझी होडी त्याच दिवशी वाळूवर ओढली जाईल, आणि मग मी जगायचं कशावर? तू आयुष्यभर मला शिस्त लावलीस, आता एवढं माझ्यासाठी कर. मेलेलीच राहा.

टिल्डा


बेलीझ सिटी
२७ मार्च

टिल्डा,

मी शनिवारी येऊन गेले.

घाबरू नकोस. महिला मंडळाची दुसरी सहल होती. मी मिसेस हल्सची मोठी टोपी आणि काळा चष्मा घातला होता, मान रुमालानं गुंडाळली होती. मिसेस हल्सला सगळं सांगावं लागलं. तिनं बायबलवर हात ठेवून गप्प राहायचं कबूल केलं, आणि मग वाटभर माझ्याकडे बघून खिदळत राहिली. तू धक्क्यावर होडीतलं पाणी उपसत होतीस. तुझ्या शेजारून गेले तेव्हा तू मला ‘पाय जपून, आजी’ म्हणालीस. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

आमच्या वाट्याला मिस्टर ऑल्स्टनची होडी आली. केस पूर्ण पांढरे झाले आहेत, पण होडीत उभे राहतात ते अजून तसेच, खांबासारखे. तिवराच्या टोकाशी त्यांनी इंजिन बंद केलं, लांब काठी हातात घेतली आणि सगळ्यांकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. पुढे काठी पाण्यात शिरल्याचा आवाजसुद्धा आला नाही. माझ्या वर्गात मला इतकी शांतता कधी मिळाली नाही.

खळग्यावर आम्ही थांबलो. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. बराच वेळ काही घडलं नाही. एका बाईनं पिशवीतून बिस्किट काढलं, तर त्या पुड्याचा आवाज बंदूक झाडल्यासारखा वाटला. मग होडीपासून हातभर अंतरावर दोन नाकपुड्या वर आल्या, कणकेत बोटं रुतवल्यासारख्या. त्यांनी श्वास सोडला. दमून घरी आलेली बाई खुर्चीत बसताना सोडते तसा, आणि त्यात राग अजिबात नव्हता. मिसेस हल्सचं वर्णन पूर्ण चुकीचं आहे. नंतर पाठ दिसली, राखाडी, शेवाळलेली, खांद्यावर जुना घाव. ती कुशीवर वळली आणि एका बारीकशा डोळ्यानं तिनं होडीतल्या एकेकीकडे बघितलं. कोणाचं काय चुकलं आहे हे तिला ठाऊक असावं, पण सांगायची घाई नसावी. मी आकाराबद्दलचा आक्षेप मागे घेते.

मग तिच्या पलीकडून दुसरं, लहान नाक वर आलं. टिल्डा, माझ्याबरोबर पिल्लू आहे. हे तू मला दोन पत्रांत कळवलं नाहीस. मिसेस हल्सनं माझ्याकडे बघितलं आणि तिला खोकल्याची उबळ आली.

मिस्टर ऑल्स्टन हळू आवाजात बोलू लागले. दिवंगत मिस झेल्मा कडक होत्या, म्हणाले. त्यांच्या घंटेवर गावातले कोंबडेसुद्धा उठायचे. ज्यांनी त्यांच्या हातची छडी खाल्ली ते आज स्वतःचं नाव लिहू शकतात. ज्यांनी चुकवली ते राजकारणात गेले. बायका हसल्या. ते हसले नाहीत. पुढे म्हणाले, “मोठ्या वादळात शाळेचं छप्पर गेलं. लोकांच्या घरांचीही गेली होती. शाळा आता वर्षभर नाही असं सगळ्यांनी धरलं. वादळ शनिवारचं. बुधवारी मिस झेल्मांनी उघड्या भिंतींत उभं राहून हजेरी घेतली. गाव त्या दिवशी परत उभं राहिलं.”

“सोमवारी,” मी म्हणाले.

मला राहवलं नाही. बुधवारी घेतली असती तर त्यात काय विशेष होतं? माझा आवाज पाण्यावरून गेला, मॅनटी फुसकारली आणि पिल्लाला घेऊन खाली गेली. बाकीच्या बायकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी होडीतून उतरून चालत जावं. मिस्टर ऑल्स्टन मात्र मागे वळले नाहीत. फक्त “आभारी आहे, मॅडम” एवढं म्हणाले आणि काठी रेटू लागले. माझा आवाज बदलला असावा, किंवा त्यांना कमी ऐकू येत असावं. त्यांनी ओळखलं नाही, हे मी खात्रीनं सांगते.

परतताना तुझी होडी आमच्यानंतर खळग्यावर जाताना मी बघितली. इंजिन तू सगळ्यांच्या आधी बंद केलंस, तिवरही यायच्या आत. तू काठीवर होतीस आणि तोंड मिटलेलं होतं. मी तुला लहानपणापासून ओळखते, पण हे कधी बघितलं नव्हतं. मॅनटी पुन्हा वर आली. तुझ्या होडीशेजारी पिल्लाला दूध पाजत राहिली.

तेव्हा माझा निर्णय असा. मी मेलेलीच राहते. अट एक आहे. मी अविवाहित होते हे गावाला ठाऊक आहे. पिल्लू दत्तक घेतलेलं आहे, असं ह्यापुढे प्रत्येक होडीत सांगितलं जावं.

झेल्मा

ता.क. गावात किती शांत आहे हे मी विसरले होते. इथे माझ्या खिडकीसमोर टायरचं दुकान झालं आहे. सकाळपासून हातोडे चालू असतात.


मलेट पॉइंट
३० मार्च

झेल्मा,

तू हे काय करून बसलीस?

काल मिस्टर ऑल्स्टन माझ्या ओसरीवर आले. बसले. तीन जॉनी केक खाल्ले आणि हवामानाबद्दल बोलले. वारा, भरती, ह्या वर्षी मलेट मासे किती उशिरा आले. मला तुझं ते खडूचं आठवलं. चौथा केक हातात घेऊन म्हणाले, “मिस टिल्डा, तुमच्या दिवंगत बहिणीची सख्खी बहीण शहरात असते असं ऐकतो. तिचा पत्ता द्या. तिच्याकडे काही सोपवायचं आहे.”

तुला सख्खी बहीण कुठली? मीही चुलतच. तुझ्यामाझ्या सात पिढ्या ह्या माणसाला पाठ आहेत. पण ते इतक्या शांतपणे माझ्याकडे बघत होते की मी तुझाच पत्ता लिहून दिला. त्यांनी तो वाचला, घडी केली, टोपीत ठेवला आणि “मला वाटलंच” म्हणून गेले.

मी होडी धुऊन ठेवलीय. घेऊन जाणार असतील तर निदान स्वच्छ न्यावी.

टिल्डा


मलेट पॉइंट
५ एप्रिल २००६

दिवंगत मिस झेल्मा बेव्हन्स यांच्या भगिनींस,

स. न. वि. वि.

तुमची माझी ओळख नाही, तरी लिहितो. गेल्या नोव्हेंबरात तुमच्या बहिणीची नववी रात्र झाली. मी कुंपणाबाहेर उभा होतो, कारण आत रडायला जागा नव्हती. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने मला आवडले नाहीत.

फेब्रुवारीत एका गुरुवारी मी मिस पेट्रोनाच्या दुकानावरून जात होतो. काचेशी, बनच्या बरणीला टेकून एक पाकीट उभं होतं. त्यावरच्या अक्षराखाली ह्या गावातल्या तीन इयत्ता बसून शिकल्या आहेत. मी आत जाऊन दोन पावडर बन विकत घेतले. मला बन आवडत नाहीत. जवळून बघायचं होतं. मिस पेट्रोना म्हणाली, “सकाळपासून बाराजणांनी बन घेतले, मिस्टर ऑल्स्टन. मला परत भाजावे लागणार.” शनिवारी मिस टिल्डा येऊन म्हणाली की विमा कंपनीचं पत्र आहे. दुकानात आम्ही सातजण होतो. कोणी हसलं नाही. ह्याचा आम्हांला अभिमान आहे.

तरीही खात्री करावी असं मला वाटलं. म्हणून २५ मार्चच्या शनिवारी होडीत एक वार मुद्दाम चुकीचा सांगितला. त्या होडीत मिस झेल्मा असत्या तर त्यांना राहवलं नसतं.

त्यानंतर होडीवाल्यांची बैठक झाली. काहीजण म्हणाले, नियम मोडला, मिस टिल्डाची होडी वर ओढा. मी विचारलं, नियम कशासाठी केला होता? खळग्यावर सगळ्यांत लांबून इंजिन कोण बंद करतं? सगळ्यांनी मिस टिल्डाचंच नाव घेतलं. पण उघडपणे मान्य करायचं म्हटलं तर उद्या जो तो आपल्या लॉस एंजेलिसमधल्या मावशीला मारून खळग्यावर येईल. म्हणून असं ठरलं की मिस झेल्मा वारल्या आहेत आणि सन्मानानं वारलेल्याच राहतील. मिस टिल्डाचा हक्क कायम. हे तिला तुम्ही कळवावं. मी कळवलं तर ती मला मिठी मारेल आणि मग केक खायला घालेल, आणि ते केक मला जड जातात.

राहता राहिल्या तुम्ही. मिस झेल्मांना सख्खी बहीण नव्हती हे गावाला ठाऊक आहे. गाव ते विसरायला तयार आहे. शाळेमागचं शिक्षिकेचं घर रिकामं आहे. छप्पर मी नीट करून घेतलं आहे. काम सोमवारी सुरू केलं. गेलेल्या माणसाच्या वस्तू परत जमा केल्या आहेत. त्या रक्ताच्या नातेवाइकाच्या हातीच द्याव्या लागतात, टपालानं पाठवता येत नाहीत.

तुमच्या बहिणीला मी फार पूर्वी एक पत्र लिहिलं होतं. त्यांनी ते लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवलं. ते अजून माझ्याजवळ आहे. हेही तसंच परत आलं तरी चालेल.

आपला,
ऑल्स्टन नील

पिल्लाबद्दलची सूचना मिळाली. दत्तक असल्याचं सांगत आहोत. पाहुणे विश्वास ठेवतात, गाव नाही.


बेलीझ सिटी
१० एप्रिल

टिल्डा,

होडी परत पाण्यात घाल. तुझा हक्क कायम आहे. सगळ्या गावाला माझं पहिलं पत्र पोचलं त्या दिवसापासून ठाऊक होतं. विमा कंपनी म्हणे. दिवंगताच्या अक्षरातलं पाकीट तू दोन दिवस दुकानाच्या काचेत राहू दिलंस. आणि ज्या अक्षराखाली तुमच्या गावच्या तीन इयत्ता बसल्या त्या अक्षरात मी ते पाठवलं. ह्या दुसऱ्या वाक्यावर चर्चा होणार नाही.

ईस्टरच्या सोमवारी मी एग्बर्टच्या बसनं येते आहे. माझी खोली मी सोडली. टायरवाल्याला ती हवीच होती. मिसेस हल्स स्टँडवर निरोप द्यायला येणार आहे आणि काळे कपडे घालीन म्हणते. तिला अडवण्यात अर्थ नाही.

मला गावानं काय हाक मारायची ते गावानं ठरवावं. नुसतं ‘मिस’ पुरेल. माझ्या बहिणीबद्दल माझ्यासमोर वाईट बोललेलं मी ऐकून घेणार नाही, आणि खोटं चांगलं बोललेलंही नाही. मिस्टर ऑल्स्टनना सांग की धक्क्यावर उभं राहायची गरज नाही. सांगूनही ते उभे राहतील, तेव्हा जॉनी केक नेऊ नकोस.

मला खळग्यावर तुझ्या होडीतून जायचं आहे. मी एक शब्दही बोलणार नाही.

झेल्मा


मलेट पॉइंट
१८ एप्रिल २००६

मिस्टर ऑल्स्टन नील यांस,

काल धक्क्यावर आपल्या हस्ते मिळालेल्या वस्तूंची पोच देत आहे.

काळी छत्री एक, मिस पेट्रोनाकडून. एक काडी मोडलेली. ती म्हणते आधीपासून मोडलेली होती. नव्हती.

पितळी घंटा एक, शाळेकडून. नीट वाजते की नाही हे बघायला एकदा वाजवली. धक्क्यावरचे चार वयस्क पुरुष रांगेत उभे राहिले, त्यांत एग्बर्ट होता आणि त्याची बस चालू होती.

गवती टोपी मिळाली नाही. एग्बर्टच्या कोंबडीनं तीत अंडी घातली आहेत. टोपी कोंबडीकडे राहू द्यावी.

शिक्षिकेच्या घराची किल्ली एक. छप्पर तपासलं. काम चांगलं आहे.

चिंचेची छडी मिळाली नाही. आपण ती दोन्ही हातांनी पुढे केलीत आणि सोडली नाहीत. आपल्याकडेच असावी.

लाल शाईनं दुरुस्त केलेलं जुनं पत्र फक्त दाखवण्यात आलं. वाचून आपल्याला परत दिलं.

माझ्याकडून द्यायचं राहिलं ते आपलं ५ एप्रिलचं पत्र. त्यात चुका आहेत. मी त्या दुरुस्त केलेल्या नाहीत, आणि ते पत्र मी परत करणार नाही.

दिवंगत मिस झेल्मा बेव्हन्स यांची भगिनी

(अक्षराबद्दल कोणी विचारल्यास घराण्याचं आहे असं सांगावं.)